आधी चेंज रिपोर्ट, मग भाडेकरार

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावचे 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय. तळमजल्याचा हॉल एका स्पर्धा परीक्षा वर्गाला नऊ वर्षांसाठी भाड्याने द्यायचे ठरले आहे. त्यांच्या वकिलाने परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागितला. त्यावरच्या सात विश्वस्तांपैकी चौघे दिवंगत आहेत आणि २००९ नंतरच्या निवडणुका धर्मादाय कार्यालयाला कळवलेल्याच नाहीत. आत्ता सह्या करून कागद नंतर पूर्ण केले तर चालेल का? – कार्यवाह

उत्तर : नाही चालणार. कोणाचे बँकेतल्या सह्यांचे अडते, कोणाचे जागेचे, पण वाचनालयांच्या बहुतेक पत्रांत मूळ दुखणे हेच निघते : विश्वस्तांची नोंद जुनीच राहिलेली.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मागाहून परवानगीची सोय २०१७ पासून आहे, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. वर्ग सुरू व्हायचा जून जवळ आला, ही काही तशी परिस्थिती नव्हे. कमी मुदतीचा करार जमेल का, हे जागा कोणी कोणत्या अटींवर दिली त्यावर ठरेल. ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

पण परवानगी मागणार कोण? नोंदीवरचे बहुतेक दिवंगत, आणि नवे नोंदीवर आलेलेच नाहीत. कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत कळवायचा असतो; त्या अर्जालाच चेंज रिपोर्ट म्हणतात. दर निवडणुकीनंतर हार-तुरे झाले आणि अर्ज तेवढा राहिला, याला माझ्याकडे सबब नाही. ग्रंथालय संचालनालयाचे अनुदान येते म्हणजे सगळे सुरळीत आहे, या समजानेही घात केला. अनुदान १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळते. विश्वस्तांची नोंद वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या कार्यालयात होते.

आता प्रत्येक निवडणुकीचा वेगळा चेंज रिपोर्ट, सर्वांत जुना आधी, मृत्यूचे दाखले जोडून दाखल करा. सबळ कारण दाखवून आणि खर्च भरून उशीर माफ होऊ शकतो. खरी परीक्षा सभेच्या पुराव्याची असते. इतिवृत्ताची वही सगळेच आणतात. सभेची नोटीस संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) लिहिलेल्या मुदतीआधी मतदार सभासदांच्या हाती पडली, हे दाखवणारी जावक नोंदवही, पोस्टाच्या पावत्या किंवा पोच सह्या मात्र निघत नाहीत. वर्गणीच्या पावत्याही शोधा. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० च्या कलम १५ नुसार तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्याला मत नाही. एका नाराज सभासदाने एवढा मुद्दा धरून हरकत घेतली की चौकशी तारखांवर तारखा खात वर्षानुवर्षे रेंगाळते, आणि तोवर वाचनालयाचे प्रत्येक मोठे काम लटकते.

वहीतली कोरी पाने आता भरून काढू नका. असे सल्ले देणारे भेटतील, पण ते फौजदारी प्रकरण होते. एखाद्या निवडणुकीची नोटीस खरोखर सापडत नसेल तर तसे स्पष्ट सांगून पुढचा मार्ग वकिलाकडून ठरवून घ्या. कदाचित नव्याने सभा घ्यावी लागेल, आणि ती कोणाच्या अधिकारात बोलवायची हे तुमची घटना वाचून ठरेल.

उताऱ्यावरचे तीन विश्वस्त हयात आहेत, हे तुमचे नशीब. याच आठवड्यात त्यांना भेटा, कोणती सभा कधी झाली याबद्दल त्यांना स्वतःला जे आठवते तेवढ्याचीच प्रतिज्ञापत्रे करून घ्या. आणि वर्गचालकाला स्पष्ट कळवा की यंदाच्या जूनला हॉल मिळणार नाही; परवानगी मिळेपर्यंत अनामत रक्कम घेऊ नका.