धामणगावहून मुंबई विमानतळ गाठायला विदर्भ एक्स्प्रेसचं फर्स्ट एसी घ्यावं का?

एकट्यासाठी नको, सेकंड एसी पुरतं. परदेशी निघालेल्याच्या २३ किलोच्या दोन बॅगा म्हणजे ४६ किलो. थर्ड एसीत ४० किलोच मोफत, सेकंडला ५०, फर्स्टला ७०. फर्स्टला साइड बर्थ नसतो, दाराला आतून कडी असते. पण दोघांचा कूपे की चौघांची केबिन, हे चार्ट लागल्यावरच कळतं. आरएसी, म्हणजे बसण्यापुरती अर्धी जागाही नाही, वेटिंग राहिलं की ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द. म्हातारे आईबाबा सोबत असतील तर मात्र घ्याच.

खरी कसरत मुंबईत. सकाळी दादरला उतरून बॅगांसकट लोकल धरू नका, तिथला फर्स्ट क्लासही खचाखच असतो. सीएसएमटीपर्यंत बसून राहा. तिथून मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला जाते.