वाचकांचे प्रश्न: इंजिन चालू, तरी विमान शेतात का उतरवलं?

प्रश्न: एका छोट्या विमानाच्या अपघाताची बातमी वाचली. इंजिन चालू होतं तरी पायलटने विमान शेतात उतरवलं आणि ते उलटं झालं. आतले दोघं चालत बाहेर आले पण विमान गेलंच. इंजिन चालू होतं तर विमानतळ गाठायचा ना, ही सरळसरळ पायलटची चूक नाही का?

उत्तर: तेवढ्यावरून चूक म्हणता येत नाही, उलट मला तर वाटतं असा निर्णय वेळेवर घेणाऱ्या पायलटचं कौतुक व्हायला हवं. इंजिन बंद पडलं की नाइलाजाने उतरावं लागतं ते फोर्स्ड लँडिंग, आणि इंजिन चालू आहे पण पुढे जाण्यात धोका दिसतोय म्हणून आपणहून उतरायचं ते प्रिकॉशनरी लँडिंग. ढग खाली येतायत, अंधार पडतोय, इंधन पुरेल का शंका आहे, वाट चुकलीय, किंवा इंजिन खडखड करतंय, यातलं काहीही असू शकतं. कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेल्या) इंजिनात तर बाहेर चांगलं ऊन असलं तरी हवा दमट असेल तर आत बर्फ धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान एकदम खाली जातं, मग पायलट कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा, ओढतो आणि बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन आधी अजूनच थडथडतं, तेव्हा ते सुधारेल की बंद पडेल हे त्या मिनिटाला कुणाला कळणार?

इंजिन चालू असण्याचा खरा फायदा हा की शेतावरून एक चक्कर मारून जागा नीट बघता येते, नाही पटली तर पॉवर देऊन परत वर जाता येतं. बंद पडायची वाट बघत बसलं की हा चान्स गेला.

आता बातमीतल्या ‘अपघात’ शब्दाबद्दल. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अनेक्स १३ नुसार, म्हणजे अपघात तपासाच्या नियमांनुसार, कुणाला खरचटलं नसलं तरी विमानाच्या स्ट्रक्चरचं मोठं नुकसान झालं की तो अपघातच धरतात, आणि तपासाचा उद्देश पुन्हा तसं होऊ नये हा असतो, दोष कुणाचा हे ठरवणं नाही.

प्रश्न: मग जागा बघूनही विमान उलटतं कसं?

उत्तर: वरून हिरवंगार सपाट दिसतं ते खाली गुडघाभर पीक निघतं किंवा माती भुसभुशीत असते, पुढचं चाक रुततं आणि शेपूट वरून पलटी. म्हणून सऱ्यांना आडवं कधी उतरायचं नाही, सरीच्या दिशेनेच. तारा तर वरून दिसतच नाहीत, खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं. वारा समोरून घ्यायचा म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो, कारण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ८५ नॉटची (नॉट हे विमानाच्या वेगाचं एकक) धडक ६० नॉटच्या दुप्पट. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये टेकण्याआधी दारांची कडी काढून ठेवायला सांगितलंय, सांगाडा वाकला तर दार अडकू नये म्हणून, मला ही सूचना फार महत्त्वाची वाटते. खांद्याचा पट्टा घट्ट हवा, आणि विमान वाचवायचा विचार डोक्यातून काढायचा, चाकं तुटोत पंख तुटोत, माणसं बसतात तो भाग शाबूत राहिला पाहिजे.

प्रश्न: काही न होता उतरलं, हवामानही सुधारलं, तर तिथूनच परत उडता येतं का?

उत्तर: घाई अजिबात नको. उतरायला लागते त्यापेक्षा उडायला जागा जास्त लागते, सेस्ना १७२एस (१७२ चाच एक प्रकार) ला समुद्रसपाटीला पक्क्या धावपट्टीवर उतरल्यावर थांबायला साधारण ५७५ फूट आणि जमीन सोडायला ९६० फूट लागतात, मऊ मातीत आणि गवतात त्याहून जास्त. शिवाय इंजिन खडखडत होतं म्हणून उतरला असाल तर मेकॅनिकने बघेपर्यंत ते चालू करून उडायचं नाहीच. जागा पुरत नसेल तर पंख काढून ट्रकवर चढवून नेतात.