‘तुमच्या मिस्टरांचं कर्ज थकलंय’

प्रश्न : माझे यजमान दीड वर्षापूर्वी वारले. पैशांचे व्यवहार तेच बघायचे. परवा एका माणसाचा फोन आला. ‘तुमच्या मिस्टरांनी २०१९ मध्ये पर्सनल लोन घेतलं होतं, ४८ हजार थकलेत, केस लोकअदालतीत गेली आहे. आज चारच्या आत ११ हजार भरा, सेटलमेंट करून देतो. नाहीतर १३८ खाली वॉरंट निघेल, पोलीस घरी येतील.’ ते वारले म्हणून सांगितलं, तर म्हणाला, ‘मग तुम्ही भरा.’ त्याला यजमानांचं पूर्ण नाव, पॅन नंबर, मुलाचं कॉलेज, सगळं माहीत होतं. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आणि एक कागद पाठवला. कागदावर राजमुद्रा, आणि लोकअदालत, सीबीआय, बँक असे तीन शिक्के. पैसे मी भरलेले नाहीत, पण झोप उडाली आहे. कर्ज खरंच असलं तर? मुलाला नोकरीत अडचण येईल का?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : ‘मग तुम्ही भरा.’

माझी बहुतेक नोकरी एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली. (लग्नकार्यात ओळखीचे लोक दोन खुर्च्या सोडून बसायचे, ते त्यामुळेच.) कर्जदार वारल्याचं कळलं की आमच्या टेबलावर आधी फाइल यायची. मृत्यूचा दाखला मागवायचा. सहकर्जदार आहे का, जामीनदार कोण, कर्जाला विमा उतरवला होता का, हे बघायचं. विमा असेल तर दावा विमा कंपनीकडे जातो आणि पुष्कळदा घरच्यांना काही भरावंच लागत नाही. त्यानंतर वारस कोण आणि मयताची कोणती मिळकत त्यांच्याकडे आली, याची चौकशी. यातलं काहीएक न विचारता चारची वेळ देणाऱ्या माणसासमोर फाइल असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता त्याचा कागद. तीन वेगवेगळ्या कचेऱ्या एकाच कागदावर शिक्के मारायला जमत नाहीत, हे सरकारी कामासाठी एकदा जरी रांगेत उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. लोकअदालतीचं नाव मात्र त्यानं विचार करून घेतलंय. बँका थकबाकीदारांना राष्ट्रीय लोकअदालतीच्या नोटिसा खरोखरच पाठवतात, म्हणून ते नाव ऐकलं की पोटात गोळा येतो. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली चालणारी ती तडजोडीची जागा आहे. दोन्ही बाजू राजी असतील तरच तिथे निवाडा होतो. गेलं नाही म्हणून तिथून अटकेचं वॉरंट निघत नाही.

१३८ चं म्हणाल तर ते न वटलेल्या चेकचं कलम. चेक परत आल्याचं बँकेनं कळवलं की ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, ती हातात पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर कोर्ट. आरोपी वारला की ती फौजदारी तिथेच संपते, बायकोकडे किंवा मुलाकडे सरकत नाही. कर्ज फेडता न येणं हा मुळात दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस दारात येत नाहीत, आणि वॉरंट असेल ते घेऊन पोलीस येतात, वसुलीवाला ते व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करत नाही.

पॅन नंबर कुठून मिळाला, याचा धसका तुम्ही घेतलाय. आपण सगळेच वर्षानुवर्षं पॅन-आधारच्या झेरॉक्स वाटत आलोय. सिमकार्डाला दिली, हप्त्यावर घेतलेल्या फ्रिजला दिली, लॉजच्या काउंटरवर दिली. मुलाचं कॉलेज तर त्याच्या फेसबुकवर असेल. माहिती असणं म्हणजे येणं असणं नव्हे.

‘कर्ज खरंच असलं तर?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या माणसाकडे मागायचं नाही. ते तुमच्या कपाटात आहे. कर्ज दिलं असेल तर ते कोणत्या तरी खात्यात जमा झालंच असणार. यजमानांची २०१९ पासूनची पासबुकं काढा. ४०-५० हजारांची किंवा त्याहून मोठी रक्कम एकदम जमा दिसते का? त्यानंतर दर महिन्याच्या ठरावीक तारखेला सारखीच रक्कम वजा झालेली दिसते का? ‘ईसीएस’ किंवा ‘नॅच’ (खात्यातून हप्ता आपोआप कापला गेल्याची खूण) असं लिहिलेल्या ओळी शोधा. पासबुक हरवलं असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज देऊन खातेउतारा मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. नोंद दिसलीच, तर त्या संस्थेच्या शाखेत स्वतः जायचं. फोनवाल्यानं दिलेल्या नंबरवर नव्हे.

समजा, कर्ज निघालं. तरी तुमची जबाबदारी यजमानांकडून तुमच्या हातात आलेल्या मिळकतीपुरतीच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५२ तेच सांगतं. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन याला कोणी हात लावू शकत नाही. अर्थात कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही नसेल तर. यजमानांच्या प्रॉव्हिडंट फंडाची नॉमिनीला मिळालेली रक्कमही त्यांच्या देण्यापासून मुक्त असते. मुलाचं विचारलंत. बापाचं कर्ज मुलानं फेडणं हे धर्मकर्तव्य, असं जुना हिंदू कायदा मानायचा. २००५ च्या दुरुस्तीनंतर निव्वळ त्या कारणावरून मुलाच्या मागे लागता येत नाही. वडिलांच्या थकबाकीची नोंद मुलाच्या सिबिलवर येत नाही. कॉलेजचं नाव घेऊन त्या माणसानं तुमच्यातली आई गाठली, एवढंच.

आणखी एक गोष्ट, जी या फोनवाल्यांना तोंडपाठ असते आणि आपल्याला नसते. साध्या कर्जाचा दावा लावायची मुदत तीन वर्षांची. मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली आणि भरणाऱ्याच्या सहीचा लेखी पुरावा राहिला, किंवा येणं लेखी कबूल केलं, तर तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. म्हणून ‘जाऊ दे, कटकट नको’ म्हणून दोन-पाच हजार पाठवायचे नाहीत. माणूस खोटा असेल तर एकदा पैसे देणारा नंबर म्हणून तुमचं नाव वहीत जातं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच ‘बँके’चा फोन येतो. कर्ज खरं असेल तर आपल्याच हातानं आपली बाजू कच्ची होते.

पुन्हा फोन आला, आणि तो येईल, तर रडायचं नाही, भांडायचं नाही, यजमान किती सरळ होते हे सांगत बसायचं नाही. एवढंच म्हणा : ‘तुमचं नाव सांगा, संस्थेचं नाव सांगा, कर्जखात्याचा नंबर आणि शाखा सांगा. वसुलीचं अधिकारपत्र आणि खातेउतारा पोस्टानं घरी पाठवा.’ पत्ता विचारला तर सांगू नका. ज्यानं कर्ज दिलंय त्याच्या फाइलमध्ये पत्ता असतोच. जन्मतारीख, पॅन, खाते नंबर यातलं काही तो वाचून दाखवत असेल तर ‘बरोबर आहे’ असंही म्हणू नका. लिंक उघडायची नाही, ‘नोटीस’ म्हणून आलेली एपीके फाइल तर मुळीच नाही. ती उघडून ॲप बसवलं की तुमचे ओटीपी त्याला दिसू लागतात.

पैसे कुठे भरायला सांगतो, तेही ऐका. आमच्याकडे कर्जदार रोख घेऊन आला तरी रक्कम त्याच्याच कर्जखात्यात जायची आणि छापील पावती फाटायची. कोणा इसमाच्या नावचा क्यूआर कोड हा वसुलीचा मार्ग नाही.

तो कागद, फोनचा नंबर, वेळ जपून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे नंबरही कळवा. पैसे गेले असते तर १९३० वर त्याच घटकेला फोन करायला सांगितलं असतं, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच परत मिळण्याची आशा. तुमच्या तालुक्याला विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येईल. त्यांनाच तो ‘लोकअदालती’चा कागद दाखवा. बघून तेही हसतील.

प्रश्न : ऑफिसमधल्या मित्रानं एका ॲपवरून कर्ज घेतलं. त्याचे हप्ते चुकले आणि आता रात्री दहाला मला फोन येतात. ‘तू रेफरन्स आहेस, तू भर. नाहीतर तुझा फोटो एडिट करून सगळ्या काँटॅक्टना पाठवू.’ मी कुठेही सही केलेली नाही.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : मग तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही. जामीनदार करारानं होतो, मित्राच्या फोनमध्ये नंबर सापडला म्हणून होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला कर्जदाराची काँटॅक्ट लिस्ट आणि फोटो यांना हात लावायलाच मनाई आहे. वसुलीचे फोनही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात करायचे, तेही कर्जदाराला आणि जामीनदाराला. म्हणजे कर्ज खरं असलं, तरी हे फोन बेकायदा आहेत.

धमकी आलेला मेसेज पुसू नका. फोटोची धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. पोलीस ठाण्यात जाताना हा शब्द वापरा. ‘लोन ॲपवाले त्रास देतायत’ म्हणालात तर समोरचे हवालदार तुम्हालाच ‘कशाला घेतलं कर्ज’ म्हणून सुनावतील. ॲपच्या मागे नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था आहे का, हे मित्राला शोधायला लावा. असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर. आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हीच आधी दोन ओळी टाका, की असे फोटो येऊ शकतात, ते बनावट आहेत. त्यांच्या हातातली धमकीच निकामी होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. २०१६ मध्ये शाळेतल्या सहकाऱ्याला पतसंस्थेत जामीन राहिलो होतो. आता ‘तुमच्यावर १०१ चा दाखला झालाय, येऊन भेटा’ असा फोन आला. मुलगा म्हणतो, असले फोन खोटेच असतात, नंबर ब्लॉक करा.
— एक वाचक, वाई तालुका

उत्तर : गुरुजी, ब्लॉक करू नका. वरच्या दोन पत्रांपेक्षा तुमचा फोन मला जास्त खरा वाटतो. एक तर त्यानं ‘भेटा’ म्हटलंय, ‘पाठवा’ म्हटलेलं नाही. दुसरं, १०१ हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम. सहकार खात्याचा निबंधक त्याखाली थकबाकीचा वसुली दाखला देतो आणि मग पतसंस्थेचा वसुली अधिकारी कर्जदार आणि जामीनदार, दोघांच्याही मिळकतीवर जप्ती आणू शकतो. कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सहकाऱ्याकडून आधी वसूल करा मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय साधारणपणे नसते. सरकारी पेन्शनला कोर्टाच्या जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे, पण घर आणि जमीन आहेच.

तरी फोनवर काही कबूल करू नका आणि भरूही नका. कामाच्या दिवशी पतसंस्थेत जा, बरोबर मुलालाच घ्या. कर्जखात्याचा उतारा, तुमच्या सहीचं जामीनपत्र आणि दाखल्याची प्रत मागा. तिथून तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत जाऊन तोच दाखला क्रमांक त्यांच्या दफ्तरात आहे का, हे पडताळून घ्या. सुनावणीची नोटीस तुम्हाला बजावली होती का, कोणत्या पत्त्यावर, तेही तिथेच बघा. बदल्यांमुळे शिक्षकांच्या नोटिसा जुन्या गावी जाऊन पडल्याची प्रकरणं मी पाहिलीत. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, मात्र दाखल्यातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तेव्हा वकील गाठण्यापूर्वी सहकाऱ्याला गाठा. त्याच्या पगारातून कपात सुरू होती की नाही, हे शाळेच्या जुन्या पगारपत्रकावर मिळेल.