वाचकांचे प्रश्न : अग्निबाणाचा तळ कुठे आणि कसा उभा राहतो?

गेल्या अंकातील गगनयानावरील, म्हणजे अंतराळात माणसे नेण्याच्या भारताच्या मोहिमेवरील लेखानंतर वडोदऱ्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी विचारला होता.

प्रश्न : गुजरातला एवढा मोठा समुद्रकिनारा आहे आणि उपग्रहांवरील उपकरणे अहमदाबादेत तयार होतात. तरीही प्रत्येक उड्डाण आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोट्याहूनच का? अलीकडे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तळ उभारण्याची चर्चा वाचनात आली. तसे झाले तर गगनयान येथून निघू शकेल का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : प्रक्षेपण तळाची जागा ठरवताना सर्वांत आधी विचार होतो तो अग्निबाणापासून सुटून खाली येणाऱ्या भागांचा. आपल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाला, म्हणजे यान वाहून नेणाऱ्या अग्निबाणाला, दोन्ही बाजूंना घन इंधनाचे एकेक बूस्टर (उड्डाणाच्या सुरुवातीला जोर देणारा जोड-अग्निबाण) जोडलेले असते. प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक इंधन असते आणि ते साधारण दोन मिनिटांत जळून संपते. त्यानंतर उरलेली पंचवीस मीटरांपेक्षा लांब आणि सव्वातीन मीटर रुंद अशी पोलादी नळकांडी सुटून खाली येतात. हे अपघाताने घडत नाही. प्रत्येक यशस्वी उड्डाणात असेच घडायचे असते. तेव्हा उड्डाणाच्या मार्गाखाली शेकडो किलोमीटर वस्ती नसणे ही पहिली अट ठरते, आणि ती समुद्राइतकी निर्धोकपणे दुसरे काहीच पुरवू शकत नाही.

दुसरी अट दिशेची आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला झेपावणाऱ्या अग्निबाणाला तिचा वेग आयताच मिळतो. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर, श्रीहरिकोट्याला सुमारे ४५२ मीटर आणि वडोदऱ्याच्या अक्षांशावर सुमारे ४३० मीटर आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला जवळजवळ ७,८०० मीटर वेग लागतो, हे लक्षात घेतले तर श्रीहरिकोटा आणि वडोदरा यांतील बावीस मीटरांचा फरक किरकोळ वाटेल. गुजरात मागे पडतो तो या फरकामुळे नाही, तर समुद्र त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे. सौराष्ट्रातून सरळ पूर्वेला सोडलेल्या अग्निबाणाच्या मार्गाखाली सुरत, खानदेश, विदर्भ आणि छत्तीसगड येतील. समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला सोडावे, तर पृथ्वीकडून मिळणारा वेग तर मिळत नाहीच, उलट तेवढाच वेग आधी भरून काढावा लागतो, आणि दोन्ही मिळून सेकंदाला साडेआठशे मीटरांहून अधिक तूट येते. इस्रायल १९८८ पासून आपले उपग्रह भूमध्य समुद्रावरून असे पश्चिमेला सोडत आला आहे, कारण त्याच्या पूर्वेला शेजारी देशांची भूमी आहे. या सक्तीची किंमत त्याला उपग्रहाचे वजन कमी ठेवून मोजावी लागते.

ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेचे मात्र वेगळे आहे. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे बहुतेक उपग्रह अशाच कक्षेत असतात आणि त्यांना दक्षिणेकडे सोडावे लागते. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला निघाल्यास वाटेत श्रीलंका येते, म्हणून पीएसएलव्ही हा आपला प्रक्षेपक आधी आग्नेयेकडे निघतो आणि मग हवेतच वळण घेतो. या वळणात इंधन खर्ची पडते. मोठ्या प्रक्षेपकाला ते झेपते, पण एसएसएलव्हीसारख्या लहान प्रक्षेपकाची बरीचशी ताकद त्यातच संपते. म्हणूनच तमिळनाडूत तुत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिनम येथे नवा तळ बांधला जात आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तेथून दक्षिणेला मोकळा समुद्र आहे आणि श्रीलंका डावीकडे राहते.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालाही हेच गणित लागू पडते. वेरावळच्या आसपासहून दक्षिणेकडे पाहिले तर लक्षद्वीप आणि मालदीव पूर्वेला राहतात आणि समोर समुद्रच समुद्र आहे. त्यामुळे लहान उपग्रह ध्रुवीय कक्षेत पाठवण्यासाठी तेथे तळ उभारण्याची कल्पना शास्त्राला धरून आहे. गगनयानाला मात्र पूर्वेचा किंवा आग्नेयेचा मार्ग हवा, आणि तो येथून कोकण किंवा कर्नाटकावरून जाईल. त्यामुळे ते येथून निघण्याची अपेक्षा धरू नये.

श्रीहरिकोट्याची निवड १९६९ मध्ये झाली आणि ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून पहिला छोटा रोहिणी अग्निबाण उडाला. एका बाजूला पुलिकत सरोवर आणि दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर, अशा या बेटाची उपयुक्तता २५ डिसेंबर २०१० रोजी दिसून आली. जीएसएलव्ही हा प्रक्षेपक उड्डाणानंतर मिनिटभरातच भरकटला, नियंत्रण कक्षातून तो नष्ट करण्याची आज्ञा गेली आणि सारे अवशेष समुद्रात पडले. याउलट चीनच्या शीचांग तळाहून फेब्रुवारी १९९६ मध्ये सोडलेला अग्निबाण काही सेकंदांतच कलंडून जवळच्या डोंगरावर आदळला आणि पायथ्याच्या वस्तीत माणसे दगावली. सुरक्षेच्या कारणाने सीमेपासून आणि समुद्रापासून दूर, देशाच्या आत तळ बांधण्याचे ते फळ होते. पुढे चीननेही हैनान बेटावर वेनचांगचा तळ उभारला. एक गोष्ट येथे नोंदवलीच पाहिजे. श्रीहरिकोट्यावर यानादी या आदिवासी समाजाची वस्ती होती आणि तळासाठी तिला जागा सोडावी लागली. रिकामी जागा नकाशावर दिसते तितकी रिकामी क्वचितच असते, आणि सौराष्ट्रात तळ करायचा झाल्यास किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रक्षेपण तळावर प्रत्यक्षात बांधावे काय लागते? वरवर पाहता तो एक काँक्रीटचा चौथराच दिसतो.
— एक विद्यार्थी, वाडी

उत्तर : त्या चौथऱ्याच्या खाली जे असते तेच सर्वांत अवघड बांधकाम आहे. इंजिने पेटली की तप्त वायूंचा लोट खाली आदळतो आणि त्याला वाट मिळाली नाही तर तो उसळून अग्निबाणावरच येतो. म्हणून खाली उतरता खंदक खणून त्याला वळण दिलेले असते, जेणेकरून ज्वाळा आडव्या होऊन दूर निघून जाव्यात. आवाजाचाही तितकाच धोका असतो. जमिनीवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींच्या कंपनाने उपग्रहाचे नाजूक भाग निकामी होऊ शकतात, म्हणून मोठ्या प्रक्षेपकांच्या तळांवर उड्डाणाच्या क्षणी पाण्याचे प्रचंड लोट सोडले जातात.

याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, ते २० एप्रिल २०२३ रोजी जगाने पाहिले. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावरून स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या महाकाय अग्निबाणाचे दोन्ही टप्प्यांसह पहिले उड्डाण झाले, त्या वेळी खाली खंदकही नव्हता आणि पाण्याची योजनाही नव्हती. तेहतीस इंजिनांच्या झोताने काँक्रीट फोडून खालची माती उकरली, मोठे तुकडे दूरवर फेकले गेले आणि धुळीचा ढग काही किलोमीटर पसरला. त्यानंतर तेथे पाण्याने थंड राहणारी जाड पोलादी चादर बसवण्यात आली. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने या तळाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून अवश्य अभ्यासावीत. पायाच्या आखणीचा इतका स्पष्ट धडा वर्गात सहसा मिळत नाही.

बाकी कामे पुष्कळ आहेत. श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या प्रक्षेपण मंचासाठी अग्निबाण वेगळ्या उंच इमारतीत उभा जोडतात आणि तो तसाच उभ्याने, रुळांवरून मंचापर्यंत नेतात. या रुळांची पातळी किती काटेकोर असावी लागत असेल, याची कल्पना आपल्याला येईल. भोवती वीज झेलणारे मनोरे, अतिथंड द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजन साठवण्याच्या टाक्या, खाऱ्या हवेत गंजणाऱ्या पोलादाची अखंड देखभाल आणि चक्रीवादळाचा विचार हे सारे आलेच. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने श्रीहरिकोट्याला तिसऱ्या मंचासाठी सुमारे ३,९८५ कोटी रुपये मंजूर केले आहेत. तो पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी आहे. आपले शिक्षण पूर्ण होईल तेव्हा देशात या कामाची माणसे लागणार आहेत, असे मी खात्रीने सांगतो.

प्रश्न : माझी नात सातवीत आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेल्यापासून 'मी मोठी होईन तोपर्यंत विमानासारखे तिकीट काढून जाता येईल' असे ती म्हणते. तिला काय सांगू?
— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : बाई, तिचा उत्साह मोडू नका, पण विमानाची उपमा तेवढी सोडायला सांगा. विमान शहराला लागून असलेल्या धावपट्टीवरून दर काही मिनिटांनी उठते, तर अग्निबाणासाठी समुद्रातील नौका आणि आकाशातील विमाने आधी दूर करावी लागतात. पैसे भरून जाणारी माणसे आजही आहेत. २००१ मध्ये डेनिस टिटो हा पहिला पर्यटक स्थानकावर जाऊन आला आणि २०२१ पासून शंभर किलोमीटर उंचीला स्पर्श करून दहा-अकरा मिनिटांत परतणारी उड्डाणेही झाली आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ या अग्निबाणाचा पहिला, म्हणजे सर्वांत खालचा टप्पा उड्डाणानंतर जमिनीवर सुखरूप उतरला आणि तोच भाग पुन्हा वापरण्याची वाट खुली झाली. त्यामुळे खर्च उतरत जाईल हे निश्चित, परंतु तुमच्या नातीच्या ऐन तारुण्यात तो सामान्य घराच्या आवाक्यात येईल असे मला वाटत नाही.

कामासाठी जाण्याची संधी मात्र खरी आहे. भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस हे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा तिचे वय कामाला अगदी योग्य असेल. तूर्त तिला एक उड्डाण प्रत्यक्ष दाखवा. श्रीहरिकोट्याला नागरिकांसाठी प्रेक्षक सज्जा आहे आणि उड्डाणापूर्वी इस्रोच्या संकेतस्थळावर त्यासाठी नावनोंदणी होते. जागा लवकर भरतात, शिवाय उड्डाण ऐन वेळी पुढे ढकलले जाऊ शकते, म्हणून परतीचे आरक्षण एक-दोन दिवस हात राखून करावे. जवळचे रेल्वे स्थानक सुळ्ळुरुपेटा आहे. चेन्नईपर्यंत जाऊन तेथून तिकडे जाणे सोपे पडेल.