अंगठा आवरा! एल्डन रिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

एल्डन रिंगच्या मारामारीत कुठे अडलं असेल तर लिहा असं गेल्या अंकात म्हटलं काय आणि तुम्ही पत्रांचा पाऊसच पाडलात. २५ फेब्रुवारी २०२२ ला आलेला गेम, तसा आता जुना, पण सेल लागला की नवीन लोक येतातच आणि पहिल्याच मैदानात त्या सोनेरी घोडेस्वाराच्या हातून मरून आम्हाला लिहितात. त्या ट्री सेंटिनेलबद्दलच्या सगळ्या प्रश्नांना मिळून एकच उत्तर देतो, त्याला सोडा, लांबून वळसा घालून पुढे जा आणि स्वतःचा घोडा मिळाल्यावर परत या, तो तिथेच असतो, कुठे जात नाही. बाकी पत्रांतली काही खाली घेतलीयेत, थोडी काटछाट केलीये.

दादा, मी सामुराई घेऊन खेळतोय, लेव्हल २२ आहे आणि मार्गिट ह्या बॉसपाशी पार अडकलोय. तो काठी वर उचलतो, मी रोल (कोलांटी) मारतो, आणि माझा रोल संपला की मग तो निवांत मारतो. हा चीटिंग करतो का? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर)

चीटिंग नाही रे, तो स्लोअर बॉल टाकतोय आणि तू आधीच बॅट फिरवून मोकळा होतोयस. फ्रॉमसॉफ्टवेअरवाल्यांनी त्याला स्टॉर्मव्हेल कॅसलच्या दारात उभा केलाय तो ह्याचसाठी, काठी वर नेऊन धरून ठेवायची, समोरच्याचा धीर सुटू द्यायचा आणि मग हाणायचं. त्यामुळे काठी वर जाताना बघू नकोस, त्या हालचालीला काही अर्थच नाहीये. काठी खाली यायला लागते ना, तो झटका बघ आणि तेव्हा रोल मार, आणि मागे नको मारूस, त्याच्याच अंगावर, बगलेतून पलीकडे निघून जायचं. मागे गेलास की काठीचं टोक लागतं किंवा तो चकाकते खंजीर फेकतो.

आता एक गोष्ट जी शेकडो तास खेळलेल्यांनाही कधी कधी माहिती नसते. ह्या गेममध्ये बटण दाबल्यावर रोल होत नाही, बटण सोडल्यावर होतो. कारण तेच बटण धरून ठेवलं की धावायचं असतं, मग तुला पळायचंय की लोळायचंय हे गेमला कळणार कसं, म्हणून तो बटण सुटायची वाट बघतो. घाबरलेला माणूस काय करतो तर बटण आवळून धरतो, आणि जितका वेळ आवळशील तितका रोल उशिरा. टिचकी मारल्यासारखं दाबून लगेच सोडायचं. आणि एकदाच. दोन-तीनदा बडवलंस तर पुढचा रोल रांगेत लागतो, तू थांबायचं ठरवलंस तरी कॅरेक्टर अजून एक कोलांटी मारतं आणि नेमकं उठताना मार खातं. रोलमध्ये मार लागत नाही तो काळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतो, त्यामुळे कुठे कोलांटी मारली ह्याच्यापेक्षा कधी मारली ह्याला जास्त महत्त्व आहे.

एक काम कर, आत जा आणि फ्लास्क (हेल्थ भरायची बाटली) संपेपर्यंत एकही वार करू नकोस, नुसतं चुकवत राहा. कंटाळवाणं वाटेल पण मारायची घाई नसली की डोळ्यांना बरंच काही दिसायला लागतं. मग वार सुरू कर, एका संधीत एक, फार तर दोन, आणि रोलपुरता स्टॅमिना राखून. त्या "अजून एकच मारतो" मध्ये जितकी माणसं मेलीत तितकी त्याच्या काठीने मेली नसतील.

आणि मुळात एवढ्या लवकर तिथे गेलास कशाला हाही प्रश्न आहेच. ग्रेसमधून (विसाव्याच्या जागेतून) निघणारी ती सोनेरी रेघ कॅसलकडे बोट दाखवते म्हणून सगळे सरळ तिकडेच जातात. आधी दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात उतर, तिथल्या चर्चेसमध्ये मिळून तीन सेक्रेड टिअर्स आहेत, फ्लास्क बऱ्यापैकी जोरदार होतो. लिमग्रेव्हच्या खाणीत स्मिदिंग स्टोन मिळतात, कटाना +३ करायला पहिल्या नंबरचे बारा लागतात आणि ते काम चर्च ऑफ एलेच्या ऐरणीवरच होतं. हत्याराचे हे तीन अपग्रेड डेक्स्टेरिटीत घातलेल्या चार-पाच लेव्हलपेक्षा जास्त कामाला येतात, त्या लेव्हल तू विगरमध्ये, म्हणजे हेल्थ वाढवणाऱ्या स्टॅटमध्ये घाल. एवढं करूनही नाहीच जमलं तर मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस नावाचा लबाड ५००० रून्सला (गेममधलं चलन) मार्गिटस शॅकल विकतो, पहिल्या फेजमध्ये मार्गिटला दोनदा जमिनीला जखडता येतं. पॅचेस आधी तुझ्यावर हल्ला करेल, तो शरण आला की जीव सोड, मारून टाकलास तर दुकान कसलं.

माझा रूममेट म्हणतो स्पिरिट ॲशेस (लढाईत बोलवायचे मदतनीस आत्मे) वापरून बॉस मारला तर तो मारला असं धरायचंच नाही. मी तीन लांडगे बोलावते आणि मजेत खेळते. खरंच चुकीचं आहे का? (पुणे)

रूममेटला म्हणावं भाडं वेळेवर दे आधी. अहो, ॲशेस बोलवायची घंटी गेमनेच दिलीये ना तुमच्या हातात? रेना नावाची चेटकीण चर्च ऑफ एलेमध्ये रात्री स्वतः येऊन देते, आणि पुढचे कितीतरी बॉस असे आक्रमक बनवलेत की दम घ्यायला कुणीतरी मध्ये हवंच. लांडग्यांचा खरा उपयोग चावण्यात नाहीये, बॉस त्यांच्याकडे वळतो तेवढ्यात तुमचा एक फ्लास्क पिऊन होतो. ह्या गेममधले बरेच शत्रू तुम्ही फ्लास्क तोंडाला लावला रे लावला की झेपावतात, काही तर लांबून आगीचा गोळा सोडतात, त्यामुळे बॉसची पाठ दिसणं ही चैन आहे.

हिशोबही बघा. माणसांना को-ऑपमध्ये बोलावलंत तर बॉसची हेल्थ वाढते, ॲशेस वापरल्या तर वाढत नाही. आणि माणसं सोबत असताना ॲशेस बोलावता येत नाहीत, दोन्हीपैकी एकच. पुढे राडान हा बॉस मेला की नोक्रॉन ह्या जमिनीखालच्या शहराची वाट उघडते, तिथे मिमिक टिअर मिळेल, म्हणजे तुमचीच प्रतिकृती, तुमचीच हत्यारं घेऊन. ती बोलवायला मॅना नाही, स्वतःची हेल्थ जाते, तेव्हा बोलावल्यावर लगेच एक घोट घ्या. एवढंच सांगेन की सगळी लढाई लांडग्यांवर सोडून लांब उभं राहायची सवय लावू नका, ते मेले की मग बॉस थेट तुमच्याकडे येतो आणि तुम्ही त्याचा एकही वार नीट बघितलेला नसतो.

ढाल घ्यावी की दोन्ही हातांनी तलवार धरावी? (अकोला)

सुरुवातीला ढाल. पण फिजिकल मार शंभर टक्के अडवणारी, ब्रास शिल्डसारखी, तिला १६ स्ट्रेंग्थ लागते. अर्धवट अडवणारी ढाल धरून उभं राहण्यापेक्षा रोल बरा. आणि ढालीवर वार झेलल्या झेलल्या हेवी अटॅकचं बटण दाबा, गार्ड काउंटर म्हणतात त्याला, साधे सैनिक दोन-तीन गार्ड काउंटरमध्ये गुडघ्यावर येतात. वजन मात्र ७० टक्क्यांच्या आत ठेवा, त्याच्या वर गेलं की रोल मारताना कॅरेक्टर पोत्यासारखं आदळतं.

गेमला पॉझ नाही. बॉसशी लढतोय आणि आई जेवायला हाक मारते, आता काय करू? वर आमच्याकडे लाईट पण जाते. (दहावी झालेला वाचक, जालना)

जेवायला जा! पण जायच्या आधी मेन्यू उघड, हेल्पचं बटण दाब, त्यात मेन्यू एक्सप्लनेशन असं येतं ते निवड. स्क्रीनवर माहितीची चौकट येते आणि मागचा गेम खरोखर थांबतो. हे कुणी ठरवून ठेवलंय की चुकून राहिलंय देव जाणे, पण चालतं, फक्त त्या वेळी ऑनलाइन दुसरं कुणी तुझ्या जगात नसावं.

लाईटचं म्हणशील तर गेम सारखा आपोआप सेव्ह होत असतो, त्यामुळे रून्स आणि सामान सहसा जात नाही, पण सेव्ह होत असतानाच करंट गेला तर फाईल बिघडू शकते. पीसीवर असशील तर सेव्ह फाईलची एक कॉपी अधूनमधून दुसरीकडे ठेवत जा. बॉसच्या मध्यात बंद पडला तर परत आल्यावर धुक्याच्या दाराबाहेर उभा असशील, बॉसची हेल्थ पुन्हा फुल.

मलेनिया. बस एवढंच, मलेनिया. (न्यू जर्सीहून एक आयटीवाला)

समजलं. आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात, ही हॅलिगट्रीच्या अगदी तळाशी बसलेली बॉस आहे, तिच्याशिवायही गेम पूर्ण होतो, तरी लोक हट्टाने जातात. तिचा प्रत्येक वार लागला की तिची हेल्थ भरते, तुम्ही ढालीवर घेतलात तरी भरते. म्हणजे वर मी ढालीबद्दल जे सांगितलं ते इथे उलटं. ॲशेसचंही तसंच, तुमच्या मिमिकला बदडूनसुद्धा ती स्वतःची हेल्थ भरून घेते.

तुम्ही मरताय ते तिच्या वॉटरफाउल डान्स ह्या सलग वारांच्या हल्ल्यात, बरोबर ना? तिची हेल्थ पाऊण भागाच्या खाली गेली की तो कधीही येऊ शकतो, म्हणून तिथून पुढे तिला चिकटून राहायचं नाही, जरा अंतर ठेवायचं. ती हवेत उडी मारून क्षणभर तरंगते, तोच इशारा. तेव्हा लॉक-ऑन (तिच्यावर खिळवलेला कॅमेरा) सोडा, पाठ फिरवा आणि जीव खाऊन पळा, पहिला भोवरा पळण्यातच चुकवायचा. दुसरा भोवरा घेऊन ती तुमच्यावर येते तेव्हा मात्र पळू नका, तिच्याकडे तोंड करून तिच्या खालून रोल मारा, तिसऱ्याला पुन्हा तसंच, तिच्या दिशेनेच. हे वाचून लगेच येणार नाही, अंगठ्याला बसायला वेळ लागतो. पण अगदी जवळ असताना तिने डान्स सुरू केला तर साध्या रोलने निभावणं फार अवघड, म्हणून अंतर अंतर म्हणून ओरडतोय.

तिचा कमकुवतपणा सांगतो. इतर बॉसेससारखी ती मार सहन करत पुढे येत नाही, जड तलवारीचा वार बसला की बऱ्याचदा तिचा वार मध्येच तुटतो. ब्लीड (रक्तस्राव) लागतं, फ्रॉस्ट (गारठा) लागतं, स्कार्लेट रॉट (सडवणारा रोग) मात्र लागत नाही, ती स्वतःच त्याने सडलेली आहे. दुसऱ्या फेजच्या सुरुवातीला ती वरून झेप घेऊन फुलासारखी फुटते, तेव्हा धावत लांब जा, फूल उमललं की ती थोडा वेळ आत गप्प असते, लांब पोचणारं हत्यार किंवा जादू असेल तर तीच वेळ, पण फुलात शिरू नका, रॉट चढेल.

तरीही नाहीच झालं तर समन करा, म्हणजे दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलवा. २०२२ मध्ये एक खेळाडू निव्वळ लंगोटीवर, डोक्यावर मडकं घालून, दोन कटाना घेऊन अनोळखी लोकांच्या मदतीला यायचा आणि एकटाच तिला मारून द्यायचा, "लेट मी सोलो हर" हेच त्याचं नाव. हजाराच्या वर वेळा मारली त्याने तिला, बंदाई नामकोने कौतुक म्हणून त्याला खरी तलवार पाठवली. अंगावर चिलखत नाही तरी टिकायचा, कारण मारच खायचा नाही.

लेव्हल १५० आहे, मेन गेम संपवला, आता शॅडो ऑफ द अर्डट्री ह्या जोड-भागात (डीएलसी) गेलो तर साधे सैनिक दोन वारांत मारतात. एवढ्या लेव्हलचा उपयोग काय? (ठाणे)

त्या भागात तुमच्या लेव्हलला फारसं कुणी विचारत नाही. जून २०२४ मध्ये आलेल्या ह्या डीएलसीत स्कॅडुट्री फ्रॅगमेंट्स नावाचा वेगळा हिशोब आहे, ते गोळा करून ग्रेसपाशी वापरले की तुमचा मार वाढतो आणि लागणारा मार कमी होतो, फक्त तिथल्यापुरतं. असे एकूण ५० तुकडे, त्यांतून मिळणाऱ्या पायऱ्या मात्र जास्तीत जास्त २०. गेम आल्यावर लोक इतके कावले की काही दिवसांतच पॅच काढून सुरुवातीच्या पायऱ्यांचा फायदा वाढवावा लागला. तुम्ही बहुतेक एक-दोन तुकड्यांवर बेलुरातमधल्या नाचऱ्या सिंहाकडे गेला असाल. आधी ग्रेव्हसाइट प्लेन सगळं फिरा, मिकेलाचे क्रॉस आणि मारिकाच्या मूर्ती दिसतील तिथे थांबा, आणि डोक्यावर मोठं मडकं घेतलेली सावली दिसली तर तिला सोडू नका, तिच्याकडे हमखास तुकडा असतो.

दुसरं म्हणजे तुमचं विगर किती ते लिहिलंच नाहीत आणि मला त्यातच संशय येतोय. विगर २५ ला हेल्थ ८०० असते, ४० ला १४५०, ६० ला १९००, आणि तिथून थेट ९९ पर्यंत नेलंत तरी फक्त २१००. म्हणजे ६० पर्यंत डोळे झाकून घाला आणि मग थांबा. १५० लेव्हलचे लोक सगळं इंटेलिजन्समध्ये ओतून विगर तिशीत ठेवतात आणि मग सैनिकांना शिव्या देतात. रेनाला ह्या बॉसला हरवल्यावर तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन स्टॅट्स पुन्हा वाटून घेता येतात, एक तरी पडून असेलच सामानात.

आणि हो, टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंग्जमध्ये गेम मोड चालू आहे का तेवढं बघून घ्या, नाहीतर अंगठा वेळेवर दाबूनही रोल उशिराच होत राहील.