वाचकांचे प्रश्न : पॉलिनचे वीस भाग गेले कोठे?

प्रश्न : माझे आजोबा तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. पर्ल व्हाइट नावाच्या अमेरिकन नटीच्या सिरियली, म्हणजे चित्रपटगृहांत भागाभागांनी दाखवले जाणारे मूकपट, आपण कशा भाग चुकू न देता पाहत असू, हे ते आम्हांला रंगवून सांगत. अलीकडे तिची १९१४ सालची ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ पाहायला मिळाली. तिचे वीस भाग होते असे वाचले होते. प्रत्यक्षात नऊच निघाले. नायिकेला आगगाडीच्या रुळांना बांधल्याचे प्रसिद्ध दृश्यही कोठे आढळले नाही. मी पाहिली ती सिरियल खरी की अपुरी? बाकीचे भाग कोठे गेले? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण पाहिली ती खरीही आहे आणि अपुरीही. पाते या फ्रेंच कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने ही सिरियल काढली. तिचा पहिला भाग २३ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला आणि पुढचे भाग दर पंधरवड्याला येत राहिले. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांत तीच कथा त्याच सुमारास छापून येत असे, त्यामुळे वाचणारा पाहायला जाई आणि पाहणारा वाचायला घेई. ते वीस भाग त्या रूपात आज जगात कोठेही नाहीत. उरली आहे ती युरोपसाठी काटछाट करून नऊ भागांत बसवलेली आवृत्ती. तिच्यात दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या आधी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये गेल्या आणि नंतर फ्रेंचमधून पुन्हा इंग्रजीत आल्या. या जाण्यायेण्यात पॉलिनच्या मिळकतीवर डोळा ठेवणारा चिटणीस रेमंड ओवेन हा ‘कर्नर’ असे जर्मन वळणाचे नाव घेऊन बसला. एका पाटीवर तर ‘इमॉर्टल’, म्हणजे अमर, असे हवे होते तेथे ‘इमॉरल’, म्हणजे अनैतिक, असे पडले आहे. मूळ प्रेक्षकांनी वाचलेल्या पाट्या या नव्हेत, एवढे मनाशी धरून ही आवृत्ती पाहावी.

ती पाहावी असे मी मुद्दाम म्हणतो, कारण जे उरले आहे त्यात दम आहे. बलूनचा प्रसंग पुन्हा एकदा सावकाश पाहा. दोर सुटतो, पॉलिन एकटीच वर जाते, टोपलीतला नांगर खाली सोडते आणि त्याच्या दोरावरून कड्याच्या कपारीवर उतरते. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. तो दूर उभा राहून सारे अखंड दाखवतो, म्हणूनच जिवाचा थरकाप होतो. रुळांना बांधल्याचे दृश्य मात्र या नऊ भागांत नाही. ती कल्पना पॉलिनच्या कितीतरी आधीची असून एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीवरून आलेली आहे, आणि १९१३ साली, म्हणजे पॉलिनच्या आदल्याच वर्षी, एका विनोदी मूकपटाने तिची टिंगलही करून टाकली होती. लोकांच्या आठवणीने ते दृश्य पुढे पॉलिनच्या नावावर चढवले.

भाग गेले कोठे, याचे उत्तर फितीत आहे आणि व्यवहारातही आहे. सिरियलीचा एक भाग साधारण दोन रिळांचा. एक रीळ सुमारे हजार फुटांचे, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटांचे. वीस भागांची सिरियल म्हणजे चाळीसेक रिळे झाली. त्यांतले प्रत्येक रीळ गावोगावच्या यंत्रांत वेगवेगळे झिजले, फाटले, हरवले किंवा जळाले. फीत नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे थोडक्यात नायट्रेटची. ती एकदा पेटली की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्याच पोटात असल्याने पाण्यानेही विझत नाही. आणि न पेटता पडून राहिली तरी आधी चिकट होते, मग तिला फोड येतात आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा साठवण्याच्या खर्चापेक्षा फितीतली चांदी काढून घेणे कंपन्यांना परवडू लागले. युनिव्हर्सल कंपनीने १९४८ साली आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या प्रती नष्ट केल्या. त्याच कंपनीची ‘द ब्रोकन कॉइन’ ही १९१५ सालची बावीस भागांची सिरियल आज हरवलेल्यांत जमा आहे. आपल्या आजोबांनी तिचा नट एडी पोलो याचेही नाव कदाचित घेतले असेल. भारतात त्याला मोठा चाहतावर्ग होता. अमेरिकेतील पूर्ण लांबीच्या मूकपटांची मोजदाद तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा मूळ स्वरूपात उरलेले चित्रपट अवघे १४ टक्के भरले. सिरियलीचा एक भाग टिकला तरी ती टिकली असे होत नाही, म्हणून त्यांची अवस्था याहून बिकट आहे.

जे सापडले ते बहुधा वितरणाच्या शेवटच्या टोकाला सापडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅनडातील युकॉन प्रदेशात डॉसन सिटी हे सोन्याच्या खाणींचे गाव आहे. तेथे चित्रपट दोन-तीन वर्षांनी पोहोचत आणि परतीचे भाडे कोणालाच परवडत नसल्याने तेथेच राहत. १९२९ साली तेथील जलतरण तलाव बुजवून बर्फावरील खेळांचे मैदान करायचे ठरले, तेव्हा भरावात ही रिळेही टाकली गेली. १९७८ साली खोदकामात पाचशेहून अधिक रिळे वर आली आणि त्यांत सिरियलींचे सुटे भागही निघाले. बारमाही गोठलेल्या जमिनीने ती जपली होती. पाणी शिरले ते कडांतून. त्यामुळे आज त्या प्रती पाहताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या ज्वाळांसारखे काहीतरी सतत लवलवत असते आणि मधल्या जागेत माणसे धावत असतात. न्यूझीलंडच्या चित्रपट संग्रहातही असेच घडले. तेथील जुन्या अमेरिकन प्रतींत मेरी फुलरने बातमीदार तरुणीची भूमिका केलेल्या १९१४ सालच्या एका सिरियलीचा पाचवा भाग निघाला.

सुटा भाग कोणत्या सिरियलीचा आहे, यावर त्याची किंमत ठरते. ‘द हॅझर्ड्स ऑफ हेलन’चे १९१४ ते १९१७ या काळात ११९ भाग निघाले. त्यांतील प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्टीचा होता. त्यामुळे हेलन होम्सचा ‘द वाइल्ड इंजिन’ हा १९१५ सालचा भाग आज एकटाच पाहिला तरी गोष्ट पुरी होते. तारयंत्र सांभाळणारी ही मुलगी मोटारसायकलवरून उघड्या पुलाच्या टोकापर्यंत जाते आणि थेट पाण्यात पडते, आणि मागचेपुढचे काही माहीत नसतानाही आपण खुर्चीत पुढे सरकतो. कथा अखंड पुढे चालणाऱ्या सिरियलीचा तेरावा भाग हाती आला, तर मात्र ही माणसे कोण आणि का पळत आहेत, हे जुन्या वृत्तपत्रांतून शोधावे लागते. अशा वेळी मधल्या खिंडारात छायाचित्रे आणि नवे निवेदन भरून ‘संपूर्ण’ आवृत्ती म्हणून दाखवण्याची जी पद्धत आहे, ती मला मान्य नाही. खिंडार आहे तेथे पडदा काळा ठेवावा आणि येथे इतकी रिळे नाहीत, एवढेच लिहावे.

प्रश्न : हिंदुस्थानात घडणारी एक अमेरिकन सिरियल होती असे ऐकतो. ती पाहता येईल का? — एक वाचक, बडोदे

उत्तर : आपण म्हणता ती ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’. सेलिग कंपनीने डिसेंबर १९१३च्या अखेरीस ती सुरू केली; भाग तेरा. बापाच्या शोधात निघालेली कॅलिफोर्नियाची कॅथलिन ‘अल्लाहा’ नावाच्या कल्पित संस्थानात येऊन पोहोचते आणि उंबल्ला नावाचा खलपुरुष तिच्या मागे लागतो. नावांवरूनच ओळखता येईल की या हिंदुस्थानशी आपल्या देशाचा संबंध नाही. वाघ-सिंह मात्र खरे होते, कारण सेलिग यांच्या मालकीचा प्राणिसंग्रह होता आणि कॅथलिन विल्यम्स ही नटी त्या जनावरांबरोबर स्वतः काम करी. नेदरलँड्समधील आय या चित्रपट संग्रहालयात या सिरियलीचा सुरुवातीचा भाग जपलेला आहे. बाकी जवळजवळ सारे गेले. हॅरोल्ड मॅक्ग्रा यांची याच कथेची कादंबरी १९१४ साली चित्रपटातील छायाचित्रांसह निघाली होती, ती मिळवून वाचावी. गेलेल्या भागांत काय होते, हे तिच्यावरून बरेचसे कळते.

प्रश्न : आमच्या आजोबांचा तंबूतला फिरता सिनेमा होता. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात एक रीळ सापडले आहे. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ते मूकपटाचे असेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : व्हिनेगरचा वास हे ॲसिटेटच्या फितीचे लक्षण आहे. ती नायट्रेटसारखी पेट घेत नाही. चित्रपटगृहांसाठीची नायट्रेट फीत १९५०च्या सुमारास बंद झाली, तेव्हा आपले रीळ बहुधा त्यानंतरचे असावे किंवा जुन्या चित्रपटाची नंतर काढलेली प्रत असावी. खात्रीसाठी सुरुवातीचा हातभर तुकडाच हलक्या हाताने उलगडा आणि छिद्रांजवळच्या कडेवर इंग्रजीत ‘नायट्रेट’ छापले आहे की ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज पेट न घेणारी, ॲसिटेटसारखी फीत), ते भिंगातून पाहा. फीत चिकटलेली असेल तर ओढू नका. यंत्रावर चढवू नका. ‘नायट्रेट’ दिसले तर डबा घरात, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका आणि टपालानेही पाठवू नका. दोन्ही प्रसंगी डब्यावरील चिठ्ठी, आकडे आणि कडेवरची अक्षरे उतरवून घ्या, छायाचित्रे काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि त्यांतले अंशतः धरूनही तीसपर्यंतच उरले आहेत. त्यांत १९३१ सालचा ‘दिलेर जिगर’ हा जी. पी. पवार यांचा साहसपट आहे. तरुण ललिता पवार त्यात आहेत. डब्यावरची चिठ्ठी फाटली असेल, तर तिचे तुकडेही पाकिटात घालून ठेवा.