बोटीच्या मागे कॅमेरा बसवताना

प्रश्न: माझ्या लहान बोटीला मागे आऊटबोर्ड इंजिन आहे. धक्क्याला उलटी लावताना सुकाणूवरून मागचं नीट दिसत नाही. गाडीचा रिव्हर्स कॅमेरा बसवला तर चालेल का? वायरलेस घ्यावा की वायरचा?
– एक वाचक

उत्तर: गाडीचा कॅमेरा बोटीवर चालतो, पण टिकत नाही. बोटींचं वायरिंग हेच माझं काम. बंद पडलेला असा कॅमेरा उघडला की काच बहुतेक वेळा शाबूत असते, आत पाण्याचा थेंबही नसतो. पण जोडापाशी तांब्याची हिरवी पूड झालेली दिसते. खोक्यावरचं ‘आयपी ६७’ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं ठेवून घेतलेली चाचणी, आणि तीही साध्या पाण्यात. खाऱ्या हवेबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. म्हणून बोटीसाठीच बनवलेला, ३१६ स्टेनलेसच्या (खाऱ्या पाण्यात कमी गंजणाऱ्या पोलादाच्या) किंवा चांगल्या प्लास्टिकच्या आवरणातला कॅमेरा घ्या. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचीच हवी.

पण खरेदीआधी जागा ठरवा. हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, कारण लोक मेगापिक्सेल बघत बसतात आणि पडद्यावर शेवटी इंजिनाचं झाकणच दिसतं. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून मनातल्या जागी धरा. इंजिन खाली, मग पूर्ण वर उचलून, मग दोन्ही बाजूंना वळवून बघा. बहुतेक लहान बोटींवर छताची मागची कड किंवा मागची कमान हीच जागा योग्य ठरते. खाली बसवलेल्या कॅमेऱ्यावर सतत तुषार उडतात आणि वाळल्यावर काचेवर मिठाचा थर बसतो.

फार रुंद कोनाच्या भिंगात जवळची वस्तू लांब वाटते. म्हणून एकदा हे करा: एक फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लटकवतात तो फुगा) दोरीला बांधून बोटीच्या मागे एका वल्ह्याच्या अंतरावर तरंगत ठेवा आणि तो पडद्यावर जिथे दिसेल तिथे बारीक चिकटपट्टी लावा. मग दोन वल्ह्यांवर ठेवून दुसरी पट्टी लावा. खूण पाण्यावरूनच घ्या, धक्क्यावरून नको. भरती-ओहोटीने धक्क्याची कड वर-खाली होते आणि खूण चुकते. गाडीच्या कॅमेऱ्यात येणाऱ्या रंगीत रेषा मात्र बंद करा. त्या गाडीच्या उंचीसाठी आखलेल्या असतात, आणि बोट तर वाऱ्या-प्रवाहाबरोबर आडवीही सरकते.

तुमचं तोंड पुढे असतं, म्हणून चित्र आरशासारखं उलटं हवं. कोणाला तरी मागे अक्षरांची पाटी धरून उभं करा. पडद्यावर अक्षरं उलटी दिसली तर सेटिंग बरोबर आहे.

वायरलेस मी सहसा बसवत नाही. चित्र उशिरा येतं किंवा मध्येच अडकतं, नेमकं धक्का जवळ आल्यावर. शिवाय कॅमेऱ्याला वीज द्यायला वायर लागतेच. तुमच्याकडे चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) असेल तर तो ॲनालॉग कॅमेरा घेतो की नेटवर्कचा, हे आधी तपासा. वेगळा पडदा कदाचित लागणारही नाही.

वीज स्वतंत्र स्विचवरून घ्या. स्टार्टरच्या लाइनवर जोडलंत तर इंजिन सुरू करताना व्होल्टेज पडतं आणि पडदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, वायरच्या जाडीला शोभेल असा. भोकातून वायर आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. भोकात सीलंट भरा. ॲल्युमिनियमच्या कमानीवर स्टेनलेसचे स्क्रू असतील तर मध्ये प्लास्टिकचा वॉशर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम कुरतडलं जातं.

सगळं घट्ट करण्याआधी दोन गोष्टी तपासा. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवा आणि कॅमेरा चालू करा. खरखर परत आली तर कॅमेऱ्याची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या, तिच्यावर फेराइट (असा अडथळा कमी करणारं, वायरवर बसवायचं कडं) लावा. तरीही थांबली नाही तर कॅमेरा बदला. दुसरं, पडदा चालू-बंद करताना होकायंत्राकडे बघा. सुई जराही हलली तर पडद्याची जागा बदला.

आणि मागे कोणी पोहत असेल तर पडद्यावर विसंबू नका. प्रॉपेलरजवळचं पाणी बहुतेक कॅमेऱ्यांच्या चौकटीबाहेर राहतं. अशा वेळी इंजिन बंद करा आणि स्वतः मागे जाऊन बघा.